एकोणीस फांद्या

हापाकारी बेट,
७ जानेवारी १९८२

प्रिय हेल्वीताई,

तुला नमस्कार, सिर्काला आशीर्वाद. लुलेओला लेकीकडे सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड परवा मिळालं. स्वीडनची थंडी आपल्यापेक्षा वेगळी नसणार, तेव्हा लोकरी मोजे घालायला लाजू नकोस.

इकडे बर्फाने नुसता उच्छाद मांडला आहे. तुझ्या घराच्या छपरावरून दोनदा बर्फ काढला. पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून एक दिवसाआड जाऊन चूल पेटवतो. तुझं मांजर माझ्याकडे राहायला आलंय आणि मासा दिल्याशिवाय माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

अग्निशमन केंद्रावर रोज कुठल्या ना कुठल्या धुराड्याची वर्दी. मंगळवारी बंब घेऊन एका आजीबाईंकडे गेलो, तर त्या दारातच आडव्या. ‘बूट काढा आधी! जमीन कालच रंगवलीय.’ माझा पाळीतला जोडीदार उन्तो म्हणाला, ‘आजी, वर छप्पर पेटलंय.’ ‘छप्पर पेटलंय म्हणून जमीन घाण करायची का?’ शेवटी दोघांनी मोज्यांवर आग विझवली. ताई, तुझा आर्मास असता तर हा किस्सा त्याने उन्हाळ्यापर्यंत पुरवला असता.

सायकलचं म्हणशील तर मागच्या चाकाचा एक्सल मोडलाय. त्यामुळे सध्या बसने जातो. केंद्रावर सगळ्यांना आयतंच कोलीत मिळालंय. उन्तो म्हणतो, ‘उणे तीसमध्ये सायकल हाणणारा गडी, आणि आता मांडीवर पिशवी घेऊन बायकांशी बाजारभाव बोलत येतोस!’ मी हसतो. वसंतात बघू दुरुस्तीचं.

कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात विचारलं आहेस, तू आर्मासला पाण्यातून बाहेर काढलंस तेव्हा तो कसा दिसत होता. शांत दिसत होता, ताई. त्या पाण्यात माणसाला फार वेळ लागत नाही, हे मी तुला धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. किनाऱ्यावर सतरंज्या झटकणाऱ्या बाईने त्याची हाक ऐकली, आणि आम्ही पोचलो ते बावीस मिनिटांनी. बर्फावरून पालथा सरपटत मीच पुढे गेलो होतो. दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. तूही विचारू नकोस.

झोप लागते का तुला? मला लागत नाही.

तुझा धाकटा,
ताउनो

*

हापाकारी,
२४ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं सहा पानी पत्र मिळालं. चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. आज रविवार, सुट्टी, म्हणून बसलोय. तीन कप कॉफी झाली तरी कागद कोराच होता.

तुमचं त्या सकाळी भांडण झालं, हे मला ठाऊक नव्हतं. तू लिहितेस, तीन दिवस त्याला निळी लोकर आणायला सांगत होतीस, तो विसरत होता, आणि त्या सोमवारी तू म्हणालीस, ‘तू घरात असलास काय नि नसलास काय, मला सारखंच.’ आणि तो टोपी घालून निघाला. अगं, असं कुठल्या घरात बोललं जात नाही? आपली आई बाबांना रोज सकाळी यापेक्षा वाईट बोलायची आणि दुपारी त्यांना साय काढून वाढायची.

पण तू पुढे जे लिहिलंस, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याच्या कोटाच्या आत लोकरीची पुडी सापडली, ती पोलिसांनी तुला आणून दिली. तर तू म्हणतेस, ‘माझी शेवटची मागणी पुरी करून तो गेला.’ नाही गं ताई. लोकर आणणारा माणूस लोकर घरी घेऊन येत असतो. इतकं साधं आहे.

पोलिसांच्या कागदाचं वाक्य तू उतरवून पाठवलंस: ‘उबदार हवेने कमकुवत झालेल्या, कोणतीही खूण नसलेल्या बर्फावर सदर इसम स्वतःहून गेला. हेतू स्पष्ट होत नाही.’ आता ही सरकारी भाषा. ते सगळ्यांबद्दल असंच लिहितात. दुकानात बायका कुजबुजतात म्हणून तू बेट सोडलंस, ते मला कळतं. आर्मास गेल्या हिवाळ्यात गिरणी बंद पडल्यापासून उदास होता, हेही खरं. पण उदास माणसं कॉफी पितात, वर्तमानपत्र वाचतात, सौनाच्या वाफेत बसून अंग शेकतात. सगळेच काही पाण्याकडे चालत जात नाहीत.

तू विचारलंस, ‘तू तर दरवर्षी बर्फावरून सायकल नेतोस, यंदा तिकडून जात होतास का? तुला बर्फ कसा वाटला होता?’

यंदा मी सुरुवातीपासून पुलावरूनच जात होतो. अकरा किलोमीटर पडतात, पण रस्ता चांगला झालाय.

बाकी विशेष नाही. दर जानेवारीत मी शाळेत मुलांना बर्फाचे धडे द्यायला जातो, ते यंदा उन्तोला पाठवलं. घसा बसलाय म्हणालो.

जेवत जा. सिर्काला त्रास देऊ नकोस.

तुझा,
ताउनो

*

हापाकारी,
११ फेब्रुवारी

ताई,

सिर्काचं पत्र आलं. तू नऊ दिवस पेजेशिवाय काही घेतलं नाहीस. आर्माससाठी विणत होतीस तो स्वेटर पुरा उसवलास आणि ती निळी लोकर उशाशी घेऊन बसतेस. सिर्का लिहिते, ‘मामा, आई म्हणते, “मीच त्याला ढकललं.” डॉक्टर म्हणतात तिला इस्पितळात ठेवू. तू तिथे होतास. तू काहीतरी सांग तिला.’

होय. मी तिथे होतो. सांगतो.

माझ्या सायकलचा एक्सल मोडलेला नाही. सायकल धडधाकट आहे. ती शेडमध्ये आहे आणि शेडचं दार मी आठ आठवडे उघडलं नव्हतं, कारण तिच्या मागे स्प्रूस झाडाच्या पंधरा फांद्या दोरीने बांधून ठेवल्या आहेत.

पुलावरून जात होतो हेही खोटं. पंचवीस नोव्हेंबरपासून मी बर्फावरूनच जात होतो. पलीकडच्या लाकडाच्या वखारीच्या धक्क्यापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत, दर शंभर पावलांवर भोक पाडून जाडी मोजली आणि प्रत्येक ठिकाणी एक फांदी रोवली. एकोणीस फांद्या. अंधारात वाट चुकू नये म्हणून, माझ्या एकट्यासाठी. पण आपल्याकडे फांदी एकट्याची कधी असते का? आजोबांपासून सगळ्यांना एकच ठाऊक: फांदी उभी आहे, म्हणजे कुणीतरी मोजलंय, म्हणजे खाली बर्फ धरतोय. शाळेतल्या पोरांना मी दरवर्षी हेच घोकून घेतो. म्हणून यंदा घसा बसला.

नऊ डिसेंबरला हवा फिरली. तीन दिवस पाऊस आणि ओला बर्फ. मी त्याच दिवशी ती वाट सोडली. फांद्या काढायला हव्यात हे मला कळत होतं, ताई. वाट सोडणाऱ्याने फांद्या काढायच्या, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शनिवारी सुट्टी होती. सकाळी काढणार होतो. पण नवे टायर आले होते. स्वयंपाकघरात बसलो आणि बर्फावर घसरू नयेत म्हणून त्यांना आतून खिळे ठोकत राहिलो. दोनशे चाळीस खिळे. तू खिडकीतून हात केलास, आठवतं? ‘बायको नाही म्हणून सायकलीचे लाड!’ असं ओरडलीस. मी मजेत होतो. म्हटलं, फांद्या काय, सोमवारच्या पाळीनंतर काढू.

सोमवारी आर्मास लोकर घेऊन धक्क्यावर आला. बस गेली असेल, नाहीतर लवकर घरी पोचायचं असेल. पंधरा दिवसांपूर्वीच तो माझ्या टेबलाशी बसून म्हणाला होता, ‘ताउनोची फांदी म्हणजे सरकारी रस्ता. मी तिच्यावरून घोडा नेईन.’ त्याने समोर फांद्या बघितल्या आणि निघाला. बस्स. एवढंच झालं.

आम्ही पोचलो तेव्हा बर्फ इतका दाट पडत होता की दहा पावलांपलीकडचं दिसेना. आम्ही आपल्या किनाऱ्याकडून आडवे गेलो होतो, म्हणून बाकीच्यांना फांद्या दिसल्या नाहीत. तो तेराव्या फांदीच्या पुढे सापडला. ते त्याला गाडीकडे घेऊन गेले आणि भोकाभोवती खुणा लावायला मी मागे थांबलो.

तेव्हा मी ते केलं. आजूबाजूच्या चार फांद्या उपटल्या आणि त्याच भोकाभोवती रोवल्या. उन्तोने नंतर विचारलं, ‘फांद्या कुठून आणल्यास रे इतक्यात?’ मी म्हणालो, ‘किनाऱ्यावरून.’ उरलेल्या पंधरा दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळी सुटल्यावर काढल्या आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून आणल्या. पोलीस दुपारी आले. त्यांना भोकाभोवती चार फांद्या दिसल्या आणि बाकी सपाट पांढरं. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. कोणतीही खूण नसलेल्या बर्फावर.

मी घाबरलो होतो. नोकरी जाईल, लोक थुंकतील, तू तोंड बघणार नाहीस. त्याच्या मरणाचा अर्थ मी बदलतोय, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. आलं ते तुझं जानेवारीचं पत्र वाचून. आणि तरीही मी तुला खोटं लिहिलं, ताई. तू तिकडे स्वतःला जाळत होतीस आणि आग विझवणं हे ज्याचं काम, तो तुझा भाऊ इथे कॉफी पीत ‘जेवत जा’ म्हणून लिहीत होता. मला माझी किळस येते. दुसरा शब्द नाही.

पण आता जे सांगतो ते नीट वाच. सिर्का वाचून दाखवत असेल तर हे दोनदा वाचायला सांग.

फांद्या उपटताना त्याची पावलं मला दिसत होती. अजून पुरती बुजली नव्हती. एका फांदीपासून दुसरीकडे सरळ रेघेत आली होती, आपल्या घराच्या दिशेने. अकराव्या फांदीपाशी मात्र ती फांदीभोवती फिरलेली होती. ती फांदी वाऱ्याने आडवी झाली असणार. कारण तिच्या बुंध्याशी बर्फ हाताने गोळा करून थोपटलेला होता. हातमोजा काढून थोपटलं होतं त्याने. बोटं उमटली होती. ती सरळ उभी होती, मी रोवली होती त्याहून सरळ.

मरायला निघालेला माणूस मागून येणाऱ्यासाठी फांदी नीट करत नाही, ताई.

ती फांदी त्या संध्याकाळी उपटायला माझा हात धजेना. दुसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटी उपटली. हे माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही, आणि मी ते तुझ्यापासून आठ आठवडे लपवून ठेवलं. फांद्या लपवल्या त्याहून हे वाईट.

तू त्याला ढकललं नाहीस. तुझं बोलणं तो वखारीपर्यंतसुद्धा लक्षात ठेवून गेला नसेल. ज्या वाटेवर तो बुडाला ती माझी होती, आणि तो तिच्यावर विश्वास ठेवून चालला होता.

आज सकाळी शेड उघडली. उद्या नऊ वाजता फांद्या कॅरिअरला बांधून आधी साहेबांकडे आणि मग पोलिसांकडे जाणार आहे. सायकलनेच जाईन, सगळ्यांना दिसेल असा. त्यांना तो कागद बदलायला लावीन. नवा कागद तुला येईल. पुढे माझं काय होईल ते होवो. त्याची तू काळजी करायची नाहीस आणि दयाही करायची नाहीस. तुझ्या घराची किल्ली शेजारी लेम्पीकडे ठेवतो, मांजरही तिथेच सोडतो.

पाकिटात एक डहाळी आहे. ती अकराव्या फांदीची. पानं गळायला लागलीत, पण वास अजून आहे.

हे पत्र वाचून चुलीत घातलंस तरी चालेल. फक्त एवढं ठेव: तो घरी येत होता. लोकर घेऊन, सातशे पावलांवर, तुझ्याकडे येत होता.

खाली ‘तुझा’ लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. तो शब्द मी आता आपणहून लिहू शकत नाही. तुला कधी लिहावासा वाटला, तर माझ्या नावाच्या वर जागा सोडली आहे.


ताउनो