मांगुराच्या पोटातली बोटं

माय, तू गेल्यावर मी तुझ्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण कागदावर आज पहिल्यांदा लिहिते आहे. गोष्ट मांगुराची आहे. तिरोड्याच्या बाजारात तू पोत्यावर बसलेली असायचीस, विळीसारखी पावशी पायाखाली दाबून, आणि मी तुझ्या मागे शाळेची वही मांडीवर घेऊन. समोरच्या घमेल्यात बोडीतले, गावतळ्यातले देशी मांगूर मासे वळवळत असायचे. गिऱ्हाइकानं एखादा दाखवला की तू त्याच्या पोटाखालून शेपटीकडे अंगठा फिरवायचीस आणि न बघताच सांगायचीस, "नर हाय." एकदा असाच एक नर चिरलास, तर पोटातून पांढरट, तान्ह्या बाळाच्या पंजासारखं काहीतरी निघालं, नुसती बोटंच बोटं. "हे काय वं माय?" मी विचारलं. "बोटं हायेत त्याचे." "माशाले बोटं कायले पायजे?" तू ते आतड्यांच्या ढिगावर फेकलंस आणि माझ्यावर डाफरलीस, "मले नाई मालूम. तुह्या हातात पुस्तक कायले देल्लं मंग? तू शोध ना!" लोकांदेखत ओरडलीस म्हणून मी घरी येईपर्यंत फुगून होते.

पुढे गोंदियाला संशोधनाला लागले तेव्हा मी अभ्यासाला तीच बोटं मागून घेतली. रोहूच्या नराचं पोट हलकं दाबलं तरी त्याचं बीज बाहेर येतं, मांगुराचं येत नाही. त्याला भूल देऊन चिरावंच लागतं. मी तीन नर चिरले आणि तिन्ही वेळा ती बोटं फाटून आतला रस वाहून गेला. माझे मार्गदर्शक सर वैतागले, "एक भी साबुत नहीं निकला?" मी म्हटलं, माझी आई काढेल. दुसऱ्या दिवशी तू सकाळच्या गाडीनं आलीस, स्वतःची पावशी जुन्या लुगड्यात गुंडाळून. टेबल नाकारलंस, फरशीवर पेपर पसरून बसलीस. एक चीर, मग नुसतं बोटाचं टोक आत, आणि तो सगळा गुच्छ वृषणांसकट अखंड बशीत. सर वाकून बघत राहिले. "अम्मा, ये हमसे आज तक नहीं हुआ." तू म्हणालीस, "जिंदगीभर येच तो करी, साहेब."

मग माझ्याकडे वळलीस. "आता सांग, यायचं काम काय हाय?" मी तुला जमेल तसं सांगितलं. नराला नर बनवणारा रस वृषणात तयार होतो. त्याचं काम आटोपलं की शरीर तो मोडतं, बदलतं आणि बाहेर टाकतं. पण ही बोटं तो नुसता टाकत नाहीत. त्याच्या कणाला साखरेसारखा एक तुकडा जोडतात. एरवी पाण्यात न मिसळणारा तो रस आता विरघळतो आणि लघवीवाटे तळ्यात जातो. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही, पण अंडी तयार झालेली मादी तो वास ओळखते आणि येते. तू बशी जवळ ओढलीस. मग म्हणालीस, "म्हंजे मुतून बोलावते तिले?" सर हसले. तू नाही हसलीस. "आन् मी घानीत फेकून राहिली होती," असं बशीकडे बघत पुटपुटलीस.

सरांनी त्यातल्या एका बोटाचा पातळ काप काचेवर ठेवला आणि तुला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधी तुला तुझ्याच पापण्या दिसल्या, मग एकदम म्हणालीस, "बापा! गाव हाय वं हे तं सारं. गल्ल्या हायेत." तू डोळा काढेचनास. सर चहा घेऊन परतले तरी तू तशीच वाकलेली.

निघताना नळाखाली हात धुता धुता तू विचारलंस, "याले तं मारलं आपन. पन त्याचा वास पान्यात असनच ना? मादी येऊन राहिली असन का अजून?" बाबा गेल्यानंतर तू स्वतःबद्दल कधी काही बोलली नव्हतीस. त्या दिवशीही मांगुराबद्दलच बोलत होतीस. मी म्हटलं, "नाई माय. मेला म्हंजे वास संपते." "बरं झालं," म्हणालीस आणि पावशी गुंडाळलीस.

आज मी कॉलेजात शिकवते. काल मुलींना प्रयोग दाखवला. काचेच्या लांब टाकीत एका टोकाला मादी, दुसऱ्या टोकाला त्या बोटांचा अर्क थेंब थेंब सोडलेला. नर कुठेच नाही. मादी तळाशी पडून होती. हळूहळू तिच्या मिशा उचलल्या, ती वळली आणि टाकीभर सरळ पोहत त्या थेंबांपाशी आली. तिथे मिशांनी पाणी चाचपत गोल गोल फिरत राहिली. मुली टाकीभोवती वाकल्या होत्या. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तिथं तं कोणीच नाई." मी इतकी वर्षं फळ्यावर त्या रसाचं लांबलचक नाव लिहीत आले, पण काल खडू हातातच राहिला. ज्या देहानं तो घडवला तो केव्हाच संपला होता, आणि हाक पाण्यात होती.

हे पत्र कुठे धाडायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, वाचून दाखवणारी मीच होते. एवढंच सांगायचं होतं की त्या दिवशी नळापाशी तू वासाचं विचारलंस, त्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. नमुना बर्फात ठेवायची घाई होती, तुझी गाडी होती, म्हणून तोंडाला आलं ते बोलले. ते खोटं निघालं. आणि आज तू पुन्हा तेच विचारलंस, तर खरं सांगायला माझी जीभ रेटेल की नाही, हेही मला ठाऊक नाही.