शनिवारच्या मंडळींचा हवालदार

प्रिय हवालदार,

आपल्या शनिवारच्या वाचनबैठकीत दंतवैद्यांनी तुला हे नाव ठेवलं तेव्हा तू रुसली होतीस. पण वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून तू कादंबरीतल्या एकेका संशयिताची जी उलटतपासणी घ्यायचीस, ती पाहता दुसरं नाव शोभलंच नसतं. तू यायची थांबलीस आणि आमचे खुनी सोकावले. बसचालक काका पहिल्याच प्रकरणात कुणाला तरी धरून बसतात आणि शेवटी भलताच निघाला की लेखकावर डाफरतात.

सध्या मी वाचतेय त्यात संग्रहालयाचा रखवालदार सकाळी दालन उघडतो, तर एक पुतळा जास्त. चोरी नाही, उलट भर पडलेली. निम्म्यावर आलेय. माझा संशय संचालकाच्या बहिणीवर आहे, बाई नको इतकी समजूतदार वागते. दंतवैद्यांचं म्हणणं, समजूतदार माणसांवर डोळा ठेवायची मला खोडच आहे.

मागच्या बैठकीत प्रत्येकाने आपली सगळ्यात लाडकी रहस्यकादंबरी सांगायची असं ठरलं. काकांनी ती शिंप्याची सांगितली, ज्यात काजाच्या टाक्यांवरून डावखुरा खुनी सापडतो. सांगताना स्वतःच्या शर्टाची बटणं दाखवत होते. दंतवैद्यांनी बर्फात अडकलेल्या हॉटेलची निवडली आणि नेहमीप्रमाणे बोलता बोलता शेवट फोडला. मी पियानो दुरुस्त करणाऱ्याची सांगितली. का, ते मंडळींना सांगितलं नाही.

तू नवीन सून, मी नवीन सासू. दोघींनाही काय बोलावं सुचायचं नाही. तू खिडकीपाशी तीच वाचत होतीस, मी भाजी चिरत होते. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, काय वाचतेस? तू मान वर न करता म्हणालीस, "खून झालाय, पण प्रेत सापडत नाहीये." मी म्हटलं, मग मोठ्याने वाच. त्या दिवशी भाजी करपली. पुढे एकच पुस्तक, खुणेच्या पट्ट्या दोन, आणि पुढे गेलेलीने तोंड उघडायचं नाही, हा घरचा नियमच झाला. तुझा नवरा म्हणायचा, या घरात सगळे तपासावर असतात, जेवायला कोण वाढणार? आधी हसून म्हणायचा. मग हसायचा थांबला, मग म्हणायचाही थांबला. तुमच्या दोघांत काय बिनसलं ते मी विचारलं नाही, आजही विचारत नाही. छडा लावायची हौस मला पुस्तकांपुरतीच.

तो बरा आहे. नव्या नोकरीच्या गावी खोली मिळाली, स्वयंपाक शिकतोय, मीठ विसरतो. मंगळवारी त्याचाच फोन आला होता. कोर्टाचा निकाल लागला, सगळं रीतसर झालं म्हणाला. तुला हे माझ्याआधी कळलं असणार. मग जरा घुटमळून म्हणाला, "आई, आता तिला फोनबिन करू नकोस. नातं संपलंय."

मी म्हटलं, "तुझं संपलं. माझं मी बघते."

तो रागावला नाही, थकलेला वाटला. पोटच्या पोराला असं बोलून कुणाला बरं वाटतं? पण बोलले ते खोटं नव्हतं.

फोन करू नकोस म्हणाला, म्हणून पत्र लिहितेय. शनिवारी सकाळी तुझी प्रयोगशाळेत ड्युटी असते, म्हणून बैठक मी संध्याकाळवर नेली. कारण कुणी विचारलं नाही. काका तेवढे खुर्च्या लावता लावता म्हणाले, "हवालदार येणार का?" विचारून बघते म्हटलं. तर हे ते विचारणं. तुला बोलवायचा सासूचा हक्क आता माझ्याकडे नाही, म्हणून वाचक म्हणून बोलावतेय. जड जाणार असेल तर येऊ नकोस, मी मनाला लावून घेणार नाही. नुसतं काय वाचतेस तेवढं कळव. आणि मला आता काय म्हणून हाक मारायची या विचारात पडू नकोस. पोराला मुद्दाम विचारून घेतलं, निकालात त्याबद्दल एक अक्षर नाही.

तुझीच,
आई