खंडेनवमीनंतरचे कोळी

शुक्र. ५ ऑक्टो. १९८४, धारवाड
१. मंगळवारी संध्या. सातला प्रयोगशाळेतल्या कोळ्यांच्या खोलीत अंधार. टायमरनं दिवा नेहमीसारखा सहाला बंद केलेला. ब्रशनं शिवलं की कोळी पाय मिटून मेल्यासारखे पडायचे. मीठपाणी टोचलेले थोड्या वेळानं उठले, ऑक्टोपमिन हे चेतवणारं औषध टोचलेले लगेच. दिवसा मात्र सगळेच बराच वेळ पडून. तीन महिने हेच.
२. बुध. खंडेनवमी, गुरु. दसरा. मी हुबळीला घरी. आमच्याकडे पूजा नाही, दसऱ्याला विहारात कार्यक्रम. खोलीची चावी माझ्या मार्गदर्शक सरांकडे.
३. आज सातला दोन्ही गट भर दुपारसारखे पडून.
४. टायमर बरोबर चालतो आहे.

शनि. ६
दिव्याच्या दुसऱ्या बटणावर हळद-कुंकू. ते दाबलं की टायमर काहीही म्हणो, दिवा चालूच.
शिपाई बसप्पा : "अक्का, खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना कुंकू लावतो की. काय चुकलं?"
मी विचारलं, दिवा रात्रभर होता?
"देसाईअण्णा म्हणाले, पूजेच्या खोलीत अंधार नको."
देसाई संशोधनात माझ्या एक वर्ष पुढे. हसला. "बसप्पाचं काय ऐकतेस! पुरणाची होळिगे खाऊन तुझे कोळी सुस्तावले असतील."
शिष्यवृत्ती एकच, अर्ज दोन : त्याचा, माझा. त्यानं अर्ज केल्याचं मला यादीवरून कळलं.

सोम. ८
काल सातला पडून, साडेआठला मात्र मंगळवारच्या सातसारखे उठले. म्हणजे त्यांच्या अंगातल्या घड्याळाची संध्याकाळच दीड तास उशिरा होते आहे. एक रात्र उजेडात गेली असेल तर जुळतं. पण हा पुरावा की माझी सोय?
सर, वही न उघडता : "सणाला तुम्ही इथं नव्हतात. औषधाचा परिणाम नाही असं लिहा आणि मोकळ्या व्हा." देसाई शेजारीच उभा.
बसप्पा आज म्हणतो, "दिवा? मला ठाऊक नाही अक्का." शनिवारी ठाऊक होतं. मधे कोण बोललं त्याच्याशी?
येत्या शनिवारी समिती. शिष्यवृत्ती गेली तर काम बंद. घरी अप्पांनी शाळेतल्या नोकरीचं आत्ताच विचारून ठेवलंय.

मंगळ. ९
सरांना दिलेल्या पत्राची नक्कल :
"खंडेनवमीच्या रात्री दिवा चालू राहिला असावा, असं कोळ्यांच्या वागण्यावरून दिसतं. ५ ऑक्टोबरपासूनची निरीक्षणं बाद करावीत, आधीची ग्राह्य धरावीत.
दिवा कोणी चालू ठेवला, हे मी विचारत नाही."
देण्याआधी शेवटची ओळ खोडली. तिच्या जागी :
"त्या रात्री खोली कोणासाठी उघडली होती, तेही कळावं. दोन्ही मुद्द्यांचं लेखी उत्तर गुरुवार ता. ११, सायं. पाचपर्यंत द्यावं, ही विनंती."