गव्हाळी स्टेशनातली रिकामी खुर्ची

नारायण पेठ, पुणे
२७ ऑक्टोबर २०२५

चि. श्रद्धास,
अनेक आशीर्वाद.

ठण्ण, ठण्ण, ठण्ण. गव्हाळी स्टेशनात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर बाबा तीन टोले द्यायचे, की गाडी हलायची. त्या ठेक्यावर मी शाळेतल्या सगळ्या कविता पाठ केल्या. गावच्या स्मरणिकेसाठी तू लिहिलेल्या स्टेशनच्या इतिहासात तो आवाज कुठेच नाही. आहे काय, तर ‘तपासणीच्या गाडीच्या वेळी स्टेशनमास्तर गैरहजर होते.’ अगं, ते तुझे पणजोबा. खराडीच्या एसीत बसून त्यांना कामचुकार ठरवताना हात जरासुद्धा अडखळला नाही? ते वाक्य काढ. नाहीतर या घराची पायरी चढू नकोस.

तुझा (होय, अजूनही तुझाच)
तात्याआजोबा

खराडी, पुणे
२ नोव्हेंबर

ती. तात्याआजोबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून आयुष्यातलं पहिलं पत्र लिहितेय. अक्षराला हसू नका. ते वाक्य माझ्या मनचं नाही. १९५८च्या चौकशीच्या कागदात आहे, की तपासणीचे साहेब गाडीतून उतरले तर मास्तरांची खुर्ची रिकामी. खाली पणजोबांची कबुली आणि सही. घरचे म्हणून लपवलं तर तो इतिहास कसला? दुसरं काही घडलं असेल तर सांगा. सतरा तारखेला छपाई आहे. रागवा, पण लोभ आटू देऊ नका.

आपली
श्रद्धा

नारायण पेठ, पुणे
७ नोव्हेंबर

चि. श्रद्धास,
आशीर्वाद आहेतच, रागही आहे.

सही बघितलीस, माणूस नाही बघितलास. सांगतो, पण छापू नकोस. गाडीचा रूळ बदलणारा खटका ओढणं हे पॉइंट्समन रंगरावांचं काम. त्या दुपारी त्यांची बायको अडली, आणि ते कुणाला न सांगता सुईणीला आणायला धावले. गाडी तर समोर आलेली. बाबा खुर्ची सोडून स्वतः खटक्याकडे पळाले. मी पाहिलं. खरं सांगितलं असतं तर रंगरावांची नोकरी गेली असती. म्हणून बाबांनी ‘घरी झोपलो होतो’ असं लिहून दिलं. त्यांना पुढे बढती मिळाली नाही. मला मात्र गप्प राहायची शपथ घातली. सदुसष्ट वर्षं दात-ओठ खात पाळतोय. साहेबावर चिडतो, बाबांवर तर जास्तच. तरी रंगरावांच्या माणसांना बोल लागण्यापेक्षा तुझं ते वाक्य तसंच

मध्येच बेल वाजली. दारात विश्रांतवाडीच्या एक बाई, हातात तुझ्या लेखाची प्रत, जुन्या स्टेशनकामगारांच्या घरी तूच पाठवलेली म्हणे. रंगरावांची मुलगी हिरा. आत या म्हटलं, तर चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

“मास्तर झोपले नव्हते, वडिलांनी मला सगळं सांगितलंय,” म्हणाल्या. “त्या दुपारी मी जन्मले. माझ्या नावानिशी छापा.”