आवाज चालू ठेवला आहे

३ मार्च

आले एकदाची. सुरतेहून नवापूर, तिथे आईच्या हातची भाकर खाऊन नंदुरबार, मग शहादा, आणि म्हसावदच्या रस्त्यावरची ही दोन मजली इमारत. मागे पपईचे मळे, समोर चहाची टपरी. वारा फिरला की पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याचा मळीचा वास येतो. आई विचारत होती, सुरतेचा मोठा दवाखाना सोडून तिकडे काय ठेवलंय. मी म्हटलं, तिथे मी तीस नर्सांमधली एक होते, इथे अख्खा अतिदक्षता विभाग माझ्या ताब्यात. एस्तेर गावित, इन्चार्ज. तिला नाही आवडलं, मला फार आवडलं.

चार खाटा, चार मॉनिटर, तेही अगदी नवे. हृदयाची रेघ, ऑक्सिजन, रक्तदाब, सगळं दाखवतात. फक्त चारही मुके. कुणीतरी प्रत्येकाचा आवाज शून्यावर नेऊन ठेवलाय. संध्याताई इथल्या जुन्या नर्स, त्यांना विचारलं. त्या सलाईनची बाटली पुसत म्हणाल्या, "आठे आवाज बंदच ऱ्हास. तू नवी शेस, शिकी जाशी."

शिकायला मी नाही आले, शिकवायला आले. मुका मॉनिटर काय कामाचा? पडद्याकडे चोवीस तास कोण बघत बसणार? रुग्ण बिघडला की यंत्राने ओरडायचं आणि आपण धावायचं, असा साधा हिशेब आहे.

५ मार्च

आज पहिली खरी लढाई. रूपलीबाई, धडगावच्या वरच्या अंगाला कुठल्याशा पाड्यावरची, जेमतेम बावीस वर्षांची. घरी बाळंत झाली, अंगावरून फार गेलं, मग ताप, आणि आता जंतुदोष रक्तात पसरलेला. नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेलाय. सोबत सासू, सोनीबाई, आणि सासूच्या पदराखाली ती एवढीशी पोर.

दाब लागतच नव्हता. दंडाच्या पट्ट्यावर भरवसा ठेवून भागणार नव्हतं, म्हणून डॉक्टर पाटलांनी मनगटाच्या धमनीत बारीक सुई घातली. तिची नळी यंत्राला जोडली की प्रत्येक ठोक्याचा दाब लाल लाटेसारखा पडद्यावर उमटतो. नळीवरची दाब मोजणारी डबी काळजाच्या उंचीला धरायची, नाहीतर आकडा खोटा येतो. हे माझं हातखंडा काम. दाब वाढवणाऱ्या औषधाचा थेंब थेंब चालू केला आणि लाट हळूहळू उभी राहिली. मग मी आवाज चालू केला.

पहिल्या टिकेसरशी सोनीबाई उठली आणि तिने यंत्रावर लुगड्याचा पदर टाकला. संध्याताईंनी तिचं बोलणं मला सांगितलं. त्यांच्या पाड्यावर घरात कुणी आजारी असलं की ढोल पालथा घालतात, उखळातही काही कुटत नाहीत. काळजाचा ठोका बरगडीच्या आतच राहायला हवा. बाहेर ऐकू गेला तर ज्याला स्वतःचं काळीज नाही असा कुणीतरी येतो आणि त्या ठोक्याच्या तालावर पाऊल धरतो.

मी तिचा पदर अलगद बाजूला केला. तिचा हात हातात घेऊन सांगितलं की तुझी सून जगायला हवी असेल तर हा आवाज हवाच. आवाज चालू ठेवला आहे.

६ मार्च

रूपलीबाई सुधारतेय. सकाळी डोळे उघडून पोरीला शोधत होती.

शेजारच्या खाटेवर फुलसिंगदादा आहेत, कारखान्यातून निवृत्त झालेले. सौम्य झटका होता, उद्या त्यांना साध्या वॉर्डात न्यायचं. माणूस गमत्या. मला म्हणतात, सिस्टर, तुझ्या यंत्राने माझी झोप उडवली, आता अंगाई तूच म्हण.

दुपारी एक विचित्र गोष्ट झाली. दोघांची यंत्रं एकाच वेळी टिकटिकायला लागली. दोन टिका पाठोपाठ नव्हे, अगदी एकच. तापाने धडधडणारं बाळंतिणीचं काळीज आणि साठी उलटलेल्या माणसाचं, दोन्ही एका चालीत कशी चालतील? वायरींची अदलाबदल झाली असेल म्हणून सगळ्या काढून पुन्हा लावल्या. मग हातानेच दोघांच्या नाड्या धरल्या. एकच चाल.

आणि टिक झाली की जरा मागून भिंतीकडून एक ठोका येत होता. जड, मऊ. होळी तोंडावर आलीय, कुठे ढोलाचा सराव चालला असेल असं मी म्हटलं. सोनीबाईने नकाराची मान हलवली. पपईच्या मळ्यात ऊन नुसतं पेटलं होतं, तिथे चिटपाखरू नव्हतं.

७ मार्च

फुलसिंगदादा गेले.

ठोका आज मागून येत नव्हता. आधी बरोबर आला, मग किंचित पुढे. आधी ठोका, मग यंत्राची टिक. दोघांची काळजं त्याच्या मागून चालत होती आणि तो चाल मंद करत होता. दादांचा दाब आमच्या डोळ्यांदेखत उतरला. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मी छाती दाबली, माझ्या हाताखाली बरगड्या वाजल्या. काही उपयोग झाला नाही. रूपलीबाईची लाटही झोपायला लागली तेव्हा संध्याताईंनी धावत येऊन सगळे आवाज बंद केले. लाट उठली.

त्यांच्यावर मी तोंड टाकलं. माहीत होतं तर सांगितलं का नाही? त्या रडतच म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू हसली नसतीस का?

हसले असते. दादांचा जीव माझ्या हट्टापायी गेला, हे मी कुणावर ढकलणार नाही. पण जो कोणी तो आहे त्यालाही सोडणार नाही. बाळंतीण त्याला मिळायची नाही.

८ मार्च

आवाज बंद. आणि बंद आवाजाने आज तिला जवळजवळ मारलंच. औषधाची सिरिंज संपली, मी पाठमोरी होते, यंत्र मुकाट लुकलुकत राहिलं. वळले तेव्हा लाट सपाट होत आली होती. सिरिंज बदलली, वाचली. म्हणजे आवाज चालू ठेवला तर तो ऐकतो, बंद ठेवला तर आम्ही ऐकत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

तेव्हापासून तिचं मनगट सोडलेलं नाही. डाव्या हाताने लिहितेय.

तो आत आलाय. फरशीतून कळतो. खाटांच्या मधून फिरतोय, हुडकतोय. दुपारी तो तिच्या पायाशी थांबला आणि तिची नाडी अडखळली. मी इतकी घाबरले की माझंच काळीज कानात वाजायला लागलं. आणि फरशीतला ठोका वळला, माझ्याकडे. तेवढ्यात तिची लाट भरून आली.

म्हणजे त्याला तीच हवी असं नाही. जे मोठ्याने वाजेल ते हवं.

डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारी गाडी येईल, तिला नंदुरबारला हलवू. तोवर तग धरायचा.

९ मार्च

सकाळपासून तो रूपलीबाईभोवती. लाट तुटते, जुळते. गाडी अजून—

संध्याताईंना तिच्या मनगटाशी बसवलं. त्या नको म्हणाल्या, पाया पडल्या. ऐकलं नाही.

बॅटरीवर चालणारा मॉनिटर घेतला. ठोके टिपणाऱ्या तिन्ही चकत्या माझ्या छातीवर. वरच्या मजल्यावर, टोकाच्या रिकाम्या खोलीत. आवाज पूर्ण.

ये.

आला. आधी मागून. जिन्यावर, मग दारात.

खोलीत गोल पळाले, उड्या मारल्या. चाल बदलली की चुकतो. पुन्हा पाऊल धरतो. त्याला काळीज नाही, दम लागत नाही. मला—

खाली गाडी. रूपलीबाईला चढवली. स्ट्रेचरवरून हात हलला, तिचाच. सोनीबाई पोरीला घेऊन मागे. तिने मान वर केली, खिडकीकडे. मोडक्या मराठीत ओरडली,

"बाई, ते बंद कर."

मी मान हलवली. नाही.

गाडी वळली. गेली. धूळही बसली. आता बंद केलं तरी चालेल.

केलं. टिक गेली. ठोका गेला नाही.

तो पुढे आहे. माझं मागून—

पडद्यावर साठ. बावन्न. हात जड.

आवाज पुन्हा चालू केला. मोठा. मुकी मरणार नाही. खालच्यांना कळू दे मी अजून—

चव्वेचाळीस

ती गेली रे तुझ्या हातून. पोरीला आई मिळाली. आता तू नि मी.

चाल माझी. काळीज माझं. मी म्हणेन तसंच ते वाज—