विटेवरची नावं

नानजिंग, चीन

सुदाम, ताईचा आशीर्वाद, पण आज रागातच.

फोनवर बोलले की तू कट करतोस, म्हणून पत्र. आईला सांग, मी बरी हाय. ज्वारीचं पीठ अजून पुरून राहिलंय.

काल इथला जुना तट पाहिला. विटांवर नावं दिसली. "आमच्या उदगीरच्या किल्ल्यासारखंच की!" मी हसले. वर्गातली लिन म्हणाली, "ही वीट भाजणाऱ्यांची नावं. कच्ची निघाली तर जाब विचारायला. तुमच्याकडं कोणाची?"

माझी मान खाली गेली. दिवाळीत बुरुजावर ऑइलपेंटनं नाव लिहून वर मलाच फोटो पाठवलास, लाज न्हाई वाटली? एक दगड तरी रचलास का तिथं?

थिनर घेऊन जा, पूस. तुझा रंग निघंल तरी. शेजारीच मी दहावीत असताना खिळ्यानं कोरलेलं माझं नाव हाय, ते कसं निघंल?

तुझी ताई,
राजकन्या