हलणारे पाणी

धरणगाव, १ मे १९८८

आज नव्या घरातला पहिला रविवार. केवलचंद शेठच्या माडीवरच्या दोन खोल्या, पुढे गॅलरी, खाली कापसाच्या गाठी. धुळ्याच्या मित्रांनी सांगितले होते की धरणगावात उन्हाने माणूस पापडासारखा भाजतो. भाजू दे. सरकीच्या तेलगिरणीत केमिस्ट म्हणून लागलो, पगारी नोकरी आहे, आणि आठ तारखेला कला आपल्या माहेराहून, पहूरहून, लेकीला घेऊन येते आहे. सुजाता पाच महिन्यांची झाली. मी तिला फक्त दोनदा पाहिले.

तिच्यासाठी काचपेटी सजवली. काल जळगावहून तीन कॅटफिश आणले, बोटाएवढे, काळपट, तोंडाला मिशा. दुकानदार म्हणाला, हे तळाशी राहतात, कचरा खातात, कटकट नाही. पिशवी अर्धा तास पेटीत तरंगत ठेवली, मग थोडे थोडे पाणी मिसळून मासे सोडले. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असते, म्हणून पाणी दोन दिवस हंड्यात ठेवून मगच वापरले. लपायला फुटक्या माठाचा अर्धा तुकडा घातला. तिघेही क्षणात त्याखाली पसार. नव्या नवरीला इतकी लाज नसेल. हवेचा पंप छान बुडबुडे काढतो आहे.

४ मे

मासे आजारी. अंगावर पांढरे दाणे, कोणी मीठ शिंपडल्यासारखे. वर येऊन हवा गिळतात, मिशा गळून पडल्यासारख्या. दुकानदाराने आजारी माल गळ्यात मारला, दुसरे काय!

घाबरण्यासारखे काही नाही. या जातीला खवले नसतात, औषध थेट कातडीत जाते, म्हणून इतर माशांच्या निम्मी मात्रा. खडे मीठ तराजूत तोलून, निळे औषध थेंबाने मोजून दिले. रोज पाव पेटी पाणी बदलायचे. माझा हात या कामात बसलेला आहे. सुजाता येईपर्यंत तिघांना उभे करीन.

८ मे

आली! माझे नाक धरून ओढले आणि काचेवर दोन्ही तळवे आपटले. मासे अजून दाणेदारच, पण तिला त्याचे काय. कलाच्या आई भिकुबाई सोबत आल्या आहेत, महिनाभर राहतील.

संध्याकाळी शेजारच्या चार बाया येऊन पोरीला गोरीगोमटी म्हणून गेल्या, तेव्हापासून सासूबाईंचा चेहरा उतरला. दृष्ट लागली म्हणतात. मी सांगून टाकले की दीक्षा घेतली तेव्हाच आपण हे सारे सोडले, माझ्या घरात मीठमोहरी चालणार नाही. त्या पोरीला घेऊन आत गेल्या. मला फार शहाणे असल्यासारखे वाटले.

११ मे

जिंकलो. तिन्ही मासे स्वच्छ, एकही दाणा नाही. भिजवलेल्या पिठाची गोळी मिशांनी चाचपून गिळली. एक तर माठाबाहेर येऊन माझ्या बोटाशी थांबला. मी आनंदाने कलाला हाक मारली, पण ती आली नाही. सुजाताच्या पाठीवर पांढरे दाणे उठले आहेत. डॉक्टर म्हणाले घामोळे, उन्हाचे दिवस आहेत.

१३ मे

घामोळे नव्हे. गिरणीतले भिंग आणून पाहिले. दाणे कातडीच्या आत आहेत, बोटाला लागत नाहीत. पोटावर, मानेवर, पापण्यांवर. ताप नाही. रडतही नाही. तोंड उघडते, मिटते, उघडते, मिटते. आवाज येत नाही.

जळगावच्या डॉक्टरांनीही मलमच दिले. ते तोंड मी कुठे पाहिले आहे, ते मला ठाऊक आहे. लिहायला लाज वाटते.

१४ मे

सकाळी नळ आला. आठवड्याने आलेले पाणी, तारांबळ उडाली, आणि मी गाढवासारखे ताजे ब्लीचिंगचे पाणीच पेटीत ओतले. तासाभरात मासे वर येऊन तडफडू लागले. दुपारपर्यंत दाणे परत.

आणि सुजाता दूध प्याली. पोटभर. पाठ कोरी, पापण्या कोऱ्या.

योगायोग. हंड्यातले पाणी घालून मासे सावरले. पाच वाजता मासे बरे. साडेपाचला कलाने किंकाळी फोडली.

१६ मे

दोनदा करून पाहिले. केमिस्ट आहे ना मी. मीठ वाढवले, माशांना दाणे, पोर स्वच्छ. पाणी बदलले, मासे स्वच्छ, पोर दाण्यांनी भरली. दोन्ही वेळा तेच. वेळा लिहून ठेवल्या होत्या, तो कागद फाडला.

माझी स्थिती पाहून सासूबाईंनी कबूल केले. नऊ तारखेला दुपारी मी गिरणीत असताना त्यांनी कणकेचा गोळा सुजातावरून सात वेळा उतरवला. असा गोळा वाहत्या पाण्यात सोडायचा असतो, पाणी तो घेऊन जाते. पण गिरणा नदीत नुसती वाळू, आणि ऊन असले. त्यांनी पेटीतले बुडबुडे पाहिले. "पानी हाली ऱ्हायनं, म्हनजे व्हातंच शे ना," असे वाटले त्यांना. गोळा पेटीत टाकला. माशांनी खाल्ला.

त्या डोके आपटून रडल्या. मला रागही आला नाही. पाणी हलते आहे, पण कुठे जात नाही. मासे ते तिच्यावर टाकतात, ती माशांवर.

मी हे लिहिले. मी, आधार नावाचा बी.एस्सी. माणूस.

१७ मे

एक मासा मेला. मीठ जरा जास्त झाले, माझ्याच हाताने.

तो उलटा झाला तेव्हा सुजाता अगदी स्वच्छ होती. हसत होती, पाय झाडत होती, कला तिचे मुके घेत होती. पाव तास. मग हसतानाच श्वास थांबला. ओठ काळे. कलाने पाठीवर थापा मारल्या, काही नाही. मी तोंडाला तोंड लावून हवा फुंकली, कितीदा ते आठवत नाही. आली. परत आली.

दोन मासे उरले आहेत म्हणून आली, असे मला वाटते. शेवटचा गेला तर —

म्हणजे मासे बरे होऊन चालणार नाही. आणि मरूनही चालणार नाही.

१८ मे

गिरणीत गेलो नाही. त्यांना अर्धे आजारी ठेवतो आहे. दर दोन तासांनी चिमूट मीठ, किंवा तांब्याभर चांगले पाणी. माशावर पाच-सहा दाणे, पोरीवर पाच-सहा दाणे. इतक्यावर तिघेही जगतात.

जिवांना मुद्दाम आजारी ठेवतो आहे. असे किती दिवस? मासे किती वर्षे जगतात?

कला काचेसमोर बसून असते. मी मीठ घेतले की माझा हात धरते, मग सोडते.

१९ मे

दुसरा मासा कुशीवर. मीठ बंद केले तरी उठत नाही. सुजाता स्वच्छ होत चालली. तांब्यामागून तांब्या चांगले पाणी ओतले, तेव्हा कुठे मासा सरळ झाला.

सासूबाई म्हणतात, तापीला पाणी आहे. वाहते. ज्याने टाकले त्यानेच सोडायचे, म्हणून त्या स्वतः जाणार. त्या गोळ्यातले जे काही आहे ते माशांबरोबर निघून जाईल. उद्या गिरणीचा टेम्पो मिळेल, ड्रायव्हर छगन नेईल. हंडा सांडू नये म्हणून हळू जायचे, दीड तास लागेल. पोरीला या उन्हात नेता येत नाही. कला हंडा मांडीवर घेऊन बसेल, वाटेत तांब्याने पाणी वरून ओतत राहील म्हणजे माशांना हवा मिळेल. मी पोरीजवळ. श्वास थांबला तर फुंकणे मलाच जमले होते.

माझा विश्वास आहे का? आहे. आता आहे.

२० मे

१०.३० निघाले. ऊन फार. कलाने मागे वळून पाहिले नाही.

१०.४५ पोर मांडीवर. दाणे सहा. श्वास मिनिटाला ४४.

११.०० दाणे सहा. ठीक. म्हणजे कला पाणी ओतते आहे. ओतत राहा.

११.१० दाणे चार.

११.१५ दोन. मिनिटाला ३८. माझ्याकडे पाहते आहे.

११.२० एकही नाही. पाठ, मान, पापण्या, सगळे पाहिले. एकही नाही.

पोचले असतील का? सोडले असतील? — नाही. पाऊणच तास झाला. तापी अजून लांब आहे. टेम्पो थांबला असेल — पंक्चर — पाणी तापले असेल हंड्यातले — कला, सावलीत घे, ओत, ओत —

११.२५ हसली. माझे नाक ओढते आहे. हसू नकोस बाई. हसू नकोस.

११.३१ अजून हसते आहे. त्या दिवशी पाव तास हसली होती. कदाचित छगनने जवळची वाट घेतली असेल. कदाचित पाटाला पाणी असेल, तिथेच सोडले असेल — वाहतेच असते ते — असेल —

११.३४ तोंडाशी गाल लावून बसलो आहे. श्वास लागतो आहे गालाला. मोजतो. एकोणीस. वीस. एकवीस —

बावी